नाकावर जाणारा हात

पत्राचा सारांश : लेखिका ३५ वर्षांच्या आहेत. बसक्या नाकावरून त्यांनी लहानपणापासून बोलणी खाल्ली. 'नकटी' हे घरातलंच लाडाचं नाव होतं, असं त्या लिहितात. २५ व्या वर्षी, स्वतःच्या कमाईतून, त्यांनी नाकात सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून घेतलं आणि बरीच वर्षं त्या त्यावर खूश होत्या. गेल्या दीड वर्षापासून मात्र गारठा असला की नाकाचा शेंडा लाल होतो, तिथली कातडी ताणल्यासारखी चकचकीत दिसते आणि इम्प्लांट किंचित उजवीकडे सरकल्यासारखं वाटतं. दुखत नाही, ताप नाही, पू नाही. ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते सर्जन म्हणाले, "विशेष काही नाही. वाटलं तर नवीन टाकू." लेखिकेला नवीन नको आहे, आहे तेच काढायचं आहे. नवरा म्हणतो, "छान तर दिसतंय." आई म्हणते, "एकदा चेहऱ्याशी खेळलीस तेवढं पुरे." दोन वर्षांचा मुलगा अंगावर झेपावला की त्यांचा हात आधी स्वतःच्या नाकावर जातो आणि मग मुलाकडे. त्या विचारतात : "हौसेनं केलं, आता निस्तरायचं मलाच, मग तक्रार कोणत्या तोंडानं करू? काढलं तर माझं जुनं नाक परत येईल का? आणि लोकांना काय सांगू?"

सगळ्यात आधी एक काम. बाकीचं बोलणं त्यानंतर. येत्या आठ दिवसांत दुसऱ्या एखाद्या प्लास्टिक सर्जनला नाक दाखवा. शक्यतो अशांना, ज्यांच्याकडे आधी झालेल्या नाकाच्या शस्त्रक्रियांची दुरुस्ती आणि इम्प्लांट काढण्याची कामं नेहमी येतात.

मी डॉक्टर नाही आणि तुमचं नाक मी पाहिलेलं नाही. पण शेंड्याची लाली, चकचकीत कातडी आणि एका बाजूला सरकणं या तीन गोष्टी एकत्र आल्या असतील, तर 'विशेष काही नाही' एवढ्या उत्तरावर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सिलिकॉन कडक असतं आणि नाकाचा शेंडा मऊ. हसताना, बोलताना, कुशीवर झोपताना तो सतत हलत असतो. त्यातून इम्प्लांट इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराचं असेल, म्हणजे लांब भाग नाकाच्या दांडीवर आणि आखूड भाग शेंड्यापाशी वळून दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबात उतरलेला, तर त्याचा कोपरा नेमका शेंड्याच्या कातडीला आतून टेकतो. वर्षानुवर्षं तसा दाब राहिला की कातडी विरत जाते, कापडाची जुनी घडी विरते तशी. आधी गारठ्यात लाली येते, मग ती कायमची राहते, मग पांढुरका ठिपका दिसू लागतो आणि एके दिवशी बारीक भोक पडतं. कधी ते बाहेरून न दिसता नाकपुडीच्या आतल्या अस्तराला पडतं. भोक पडलं की जंतूंना वाट मिळते, आणि सिलिकॉनवर त्यांनी एकदा बस्तान बसवलं की नुसत्या गोळ्यांनी ते सहसा हटत नाहीत. मग इम्प्लांट काढावंच लागतं.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. कातडी शाबूत असताना, दिवस ठरवून, शांतपणे इम्प्लांट काढणं वेगळं आणि पू झाल्यावर धावपळीत काढणं वेगळं. पहिल्या वेळी पुढे काय करायचं याचे तीन-चार रस्ते तुमच्यासमोर असतात. जंतुसंसर्ग झाल्यावर आतला व्रण आवळत जातो, नाक आखडतं, शेंडा वर ओढला जातो, आणि नंतरची दुरुस्ती कितीतरी अवघड होऊन बसते. म्हणून आठ दिवस म्हटलं.

तोवर नाक दाबून पाहू नका. चोळू नका. सरकलेलं बोटानं सरळ करायला तर मुळीच जाऊ नका. आणि लाली पसरली, शेंडा दुखू किंवा गरम लागू लागला, पांढरा ठिपका, ओल किंवा पू दिसला, ताप आला, तर आठ दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता तुमच्या पत्राकडे येते.

"हौसेनं केलं, आता निस्तरायचं मलाच." या वाक्यात एक निवाडा आहे आणि तो तुम्ही स्वतःविरुद्ध दिलेला आहे. मला तो मान्य नाही. पत्राच्या वरच्या भागात तुम्हीच लिहिलं आहे की चौथीपासून नाकावरून चिडवणं सुरू झालं, फोटोत तुम्हाला मागे उभं करत, आणि 'नकटी' हाक ऐकू आली की हातातलं काम सोडून 'ओ' द्यावी लागे. आपल्या भाषेत नाकाला किती जागा आहे पाहा. इज्जत गेली की नाक कापलं जातं, सरळ माणूस नाकासमोर चालतो, आणि सुंदर नाक म्हणजे चाफेकळी. असल्या बोलण्यात १५-१६ वर्षं काढल्यावर एखाद्या मुलीनं स्वतःच्या पैशानं नाक बदलून घेतलं, तर त्याला नुसती हौस म्हणता येत नाही. हौस थोडी असेलही, आणि असली तरी त्यात पाप नाही. पण त्या निर्णयात सुटकेची ओढही होती. ती सुटका काही वर्षं मिळाली, हेही खरं आहे. तेव्हाच्या तुम्हाला आज खोटं पाडायची गरज नाही.

तेव्हाचा निर्णय बरोबर होता की चूक, आणि इम्प्लांट आज काढावं की नाही, हे दोन अगदी निराळे प्रश्न आहेत. तुम्ही त्यांची गाठ मारली आहे. काढलं म्हणजे तेव्हाची चूक कबूल केली, असं तुमच्या मनानं घेतलं आहे, आणि म्हणून तुम्ही दीड वर्ष अडून आहात. डोळ्यांचा नंबर बदलला की आपण काच बदलतो. जुनी काच घेतली तेव्हा आपण मूर्ख होतो, असं त्यातून निघत नाही. इम्प्लांट ही शरीरात राहायला आलेली परकी वस्तू आहे. काहींच्या नाकात ती जन्मभर निमूट राहते. काहींच्यात दहा-वीस वर्षांनीही कुरबुर सुरू होते. ते तुमच्या वागण्याचं फळ नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाकाला उंची द्यायला डॉक्टर चक्क पॅराफिन टोचत असत आणि पुढे त्याच्या गाठी होऊन लोकांचे हाल होत. त्या मानानं आजचं सिलिकॉन पुष्कळ सुरक्षित आहे. तरी शरीराशी त्याचं कायमचं जमेलच, असं वचन कुणालाच देता येत नाही, आणि कुणी तुम्हाला तसं दिलं असेल तर ते द्यायला नको होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जुनं नाक परत येईल का. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते गोंधळ इथेच आहे. इम्प्लांट ही खिशात ठेवलेल्या वस्तूसारखी गोष्ट, काढली की खिसा होता तसा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तुमच्यासमोर एक तिसरं नाक आहे. ते पहिल्या नाकासारखं बरंचसं असू शकतं, पण तेच नसेल. ते किती जवळ जाईल, हे मुख्यतः त्या शस्त्रक्रियेत आणखी काय केलं होतं यावर ठरतं.

नुसतं दांडीवर इम्प्लांट सरकवलं असेल, हाड किंवा कूर्चा कापली नसेल, तर काढल्यावर नाक पहिल्या आकाराच्या पुष्कळ जवळ जातं. (कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात बोटांना लागतं ते लवचीक, मऊ हाड. नाकाचा पुढचा भाग त्याचाच बनलेला असतो.) पण त्याच वेळी नाकाची हाडं तोडून आत घेतली असतील, उंचवटा तासला असेल, शेंड्याची कूर्चा छाटून शिवली असेल, नाकपुड्या अरुंद केल्या असतील, तर ते बदल इम्प्लांटबरोबर निघून जात नाहीत. शिवाय १० वर्षं ताणलेली कातडी आहे. ती बरीचशी आवळून बसते, पण जिथे पातळ झाली तिथे ती थोडी पातळच राहू शकते.

आणखी एक गोष्ट. सिलिकॉनच्या आत शरीराचं मांस शिरत नाही. शरीर त्याच्याभोवती तंतुमय ऊतीची एक पिशवी विणतं आणि सिलिकॉन त्या पिशवीत बसून राहतं. म्हणून ते काढायला तुलनेनं सोपं. बहुतेक वेळा नाकपुडीच्या आतल्या जुन्या छेदातूनच बाहेर येतं. मागे उरलेल्या पिशवीचं काय करायचं, यावर सर्जन नाक पाहून ठरवतात. ती मऊ आणि पातळ असेल तर कातडीखाली थोडा आधार म्हणून ठेवतात. जाड, आवळलेली किंवा चुन्यासारखे कडक थर साचलेली असेल तर काढतात. हे त्यांना आधीच विचारा, कारण नंतरच्या दिसण्यात या पिशवीचा वाटा असतो.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी कुणाच्या नाकात सिलिकॉनऐवजी सच्छिद्र पॉलिइथिलीनचं, म्हणजे छिद्रं असलेल्या एका प्लास्टिकचं, इम्प्लांट असेल, तर हिशोब वेगळा आहे. त्याच्या छिद्रांतून ऊती आणि रक्तवाहिन्या आत वाढतात. त्यामुळे ते जागचं हलत नाही, पण काढायचं झालं की आजूबाजूच्या ऊतीपासून सोडवून घ्यावं लागतं, कधी तुकड्या-तुकड्यांनी. गोरटेक्स नावानं ओळखलं जाणारं साहित्य या दोहोंच्या मधलं : त्याची छिद्रं फार बारीक, म्हणून ऊती थोडीच शिरते. आपल्या नाकात नेमकं काय आहे हे पुष्कळांना माहीतच नसतं. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद मागून घ्या. शस्त्रक्रियेची नोंद, इम्प्लांटचा प्रकार आणि माप लिहिलेला स्टिकर, आधीचे फोटो. ते तुमचे कागद आहेत, मागताना ओशाळू नका. मिळालेच नाहीत तरी वाट बंद होत नाही. सीटी स्कॅनमध्ये इम्प्लांट कुठे आहे, किती सरकलं आहे, हाडं कापली होती का, याचा बराच अंदाज येतो.

आता निवड. तुमच्यासमोर चार रस्ते आहेत आणि मी ते सारख्याच उत्साहानं मांडणार नाही.

तसंच ठेवून लक्ष ठेवणं हा पहिला. ज्यांना काहीच त्रास नाही, कातडी जाड आणि निरोगी आहे, त्यांनी निव्वळ भीतीपोटी चांगलं चाललेलं इम्प्लांट काढायची घाई करू नये. तो रस्ता त्यांच्यासाठी आहे. तुमच्या वर्णनावरून तो तुमचा वाटत नाही. जुनं काढून नवीन इम्प्लांट हा दुसरा. विरलेल्या कातडीखाली पुन्हा कडक वस्तू ठेवणं मला पटत नाही, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला ते नको आहे. सर्जननं सुचवलं म्हणून नको असलेल्या गोष्टीचा विचार करत बसू नका.

उरले दोन. नुसतं काढणं, किंवा काढून त्याच वेळी स्वतःच्या शरीरातली ऊती वापरून आधार देणं. दुसऱ्या प्रकारात नाकाच्या पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेतात. कातडी पातळ असेल तिथे कानाच्या वरच्या बाजूला, डोक्याच्या कातडीखाली असणारं स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन अस्तर लावतात. स्वतःची ऊती असल्यानं ती बाहेर ढकलली जाण्याचा धोका फार कमी. पण शस्त्रक्रिया मोठी होते, दुसऱ्या जागी आणखी एक जखम होते, बरगडीची कूर्चा पुढे वाकू शकते, आणि घेतलेल्या ऊतीतली थोडी जिरूनही जाते. नुसतं काढणं सोपं असतं, बरं होणंही लवकर, पण नाक एकदम बसकं दिसेल आणि शेंड्याचा आधार गेला असेल तर तो खाली उतरेल किंवा ओढला जाईल, ही शक्यता धरून चालावी लागते.

सर्जनना एवढं नक्की विचारा : "मला उंची नको. शेंड्याची कातडी वाचावी आणि श्वास नीट चालावा, यासाठी किमान काय करावं लागेल?" प्रश्न असा विचारला की उत्तरही त्या मापाचं येतं. 'चांगलं दिसण्यासाठी काय करता येईल' असं विचारलं तर यादी वाढत जाते. आणि आज नुसतं काढून थांबणं, नाक स्थिर झाल्यावर म्हणजे ६ महिने ते वर्षभरानं पुढचं ठरवणं, हाही रस्ता आहे का हे विचारा. जंतुसंसर्ग झाला असेल तर बरेच सर्जन असंच थांबायला सांगतात. तो नसतानाही ज्यांना आपलं मन नेमकं कळलेलं नाही त्यांनी थांबावं, असं मला वाटतं. आधी आपल्या चेहऱ्याची पुन्हा ओळख होऊ द्यावी.

इथे तुम्हाला आणि तुमच्यासारख्या इतरांना एक नाजूक प्रश्न विचारते. त्रास नाकाचा आहे की आरशाचा? तुमच्या बाबतीत लक्षणं दिसणारी आहेत, म्हणून मला फारशी शंका नाही. पण ज्यांचा दिवसातला तास-दोन तास नाक न्याहाळण्यात जातो, जे त्यापायी लोकांत जाणं टाळतात, एक दुरुस्ती झाली की ज्यांना लगेच दुसरा दोष दिसू लागतो, त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. आपल्याच चेहऱ्यातला दोष मनात अवाढव्य होत जाणं हा ओळखता येणारा, उपचार होणारा आजार आहे. त्यात इम्प्लांट घालूनही समाधान होत नाही आणि काढूनही. तसंच ज्यांनी गेल्या काही महिन्यांतच इम्प्लांट बसवलं आहे आणि आता रडू येतंय, त्यांनी शेंड्याची सूज उतरायला वर्षभर लागू शकतं हे लक्षात ठेवावं. लाली, दुखणं, पू, सरकणं यांपैकी काही नसेल तर तिसऱ्या आठवड्यातल्या चेहऱ्यावरून निकाल देऊ नये. मात्र इम्प्लांट नकोच हे मनाशी पक्कं असेल, तर सर्जनपासून ते लपवूही नये. वाट पाहायची की लवकर काढायचं, हे त्यांच्याशी मोकळेपणानं बोलूनच ठरतं.

आता तुमची माणसं. नवरा 'छान दिसतंय' म्हणतो, कारण त्यानं तुम्हाला याच चेहऱ्यानं ओळखलं आहे. त्याच्या बोलण्यात विरोध असेलच असं नाही, कदाचित धसका असेल. त्याला लक्षणं दाखवा. उजेडात, जवळून, शेंड्यावरची ती चकाकी दाखवा. मग तुमचे वयाच्या २५ व्या वर्षाआधीचे फोटो काढा आणि दोघं मिळून बघा. त्याला बायको अनोळखी दिसेल ही भीती बोलून गेली की निम्मी होते. तपासणीला त्याला सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं घरी येऊन तुम्हाला पुन्हा पटवून द्यावं लागणार नाही.

आईचं वाक्य जास्त लागतं, हे मला कळतं. 'खेळलीस' या शब्दात आरोप आहे, आणि 'नकटी' म्हणणाऱ्यांत आई नव्हतीच असंही तुम्ही लिहिलेलं नाही. पण हा हिशोब शस्त्रक्रियेच्या आधी उघडू नका. तिला एवढंच सांगा : "आई, मी खेळत नाही गं, दुखापत व्हायच्या आधी काढून घेतेय." जुन्या हाकेबद्दल बोलायचं असेल तर बऱ्या झाल्यावर, ताकद असताना बोला.

बाकीच्यांना काय सांगायचं? कमीत कमी. "नाकाची शस्त्रक्रिया झाली, आत जुना त्रास होता." हे पूर्ण सत्य आहे. यापुढे कुणी खोदून विचारलंच, तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. हसणारे थोडे हसतील. मात्र आपल्या चेहऱ्यातला जो फरक आपल्याला एवढा मोठा वाटतो, तो पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. 'दमलेली दिसतेस' किंवा 'केस कापलेस का' असं विचारणारेही भेटतील.

आता काढण्याची आणि बरं होण्याची गोष्ट. तारीख ठरण्याआधी तंबाखू, सिगारेट काहीही असेल तर किमान ४ आठवडे आधी बंद आणि नंतरही तेवढेच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तुमच्या शेंड्याची कातडी आधीच उपाशी आहे. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, जीवनसत्त्वं, काढे डॉक्टरांना सांगा. काहींनी रक्तस्राव वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी कुणी हृदयासाठी दिली असेल तर ती मनानं थांबवू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. मूल अजून अंगावर पीत असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे औषधं त्या बेतानं देतील.

नुसतं सिलिकॉन काढायचं असेल तर ते अनेकदा जागा बधिर करून, थोडं गुंगीचं औषध देऊन होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. कूर्चा घ्यायची असेल, विशेषतः बरगडीची, तर बहुधा पूर्ण भूल लागते. नाकावर पट्ट्या आणि बहुधा एक छोटा साचा बसवतात. तो ५ ते ७ दिवस राहतो. आतली रिकामी जागा दबून बसावी, तिथे रक्त किंवा पाणी साचू नये, यासाठी तो असतो, म्हणून खाज आली तरी उचकटू नका.

पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते. डोळ्यांखाली निळं-जांभळं होऊ शकतं. पाठीवर झोपा, डोक्याखाली दोन-तीन उशा घ्या. थंड शेक गालांवर आणि डोळ्यांभोवती द्या, नाकावर नको. तोंडानं श्वास घेऊन घसा कोरडा पडतो, घोट-घोट पाणी पीत राहा. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या. वाकून जड उचलणं टाळा. खारं पाणी किंवा मलम सांगितलं असेल तेवढंच नाकात जाऊ द्या.

रक्त येतंच राहिलं आणि बसून, डोकं किंचित पुढे ठेवून १०-१५ मिनिटांत थांबलं नाही, ताप आला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, घाण वास किंवा पू आला, शेंड्याची कातडी पांढरीफटक, निळसर किंवा काळपट दिसू लागली, नाक दोन्ही बाजूंनी एकाएकी गच्च बंद होऊन ठणकू लागलं, नजरेत फरक पडला, तर सकाळची वाट पाहू नका.

साचा निघतो तो दिवस मनासाठी सगळ्यात अवघड असतो. त्या दिवशी दिसणारं नाक सुजलेलं, रुंद, कधी वाकडं, कधी पार सपाट दिसतं. ते तुमचं नाक नाही, ती सूज आहे. आरसा तुम्ही बघणारच, पण त्या दिवसाचे फोटो काढून कुणाला पाठवू नका आणि कुणाचं मत मागू नका. दोन-तीन आठवड्यांत मोठी सूज ओसरते. तिसऱ्या महिन्यापर्यंत आकार बराच कळतो. शेंडा बधिर, ताठर राहणं काही महिने चालतं. शेवटची बारीक सूज जायला वर्ष लागू शकतं. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो काढा. रोज बघून फरक कळत नाही, घालमेल मात्र वाढते.

बसून करायच्या कामाला बहुतेकजणी ७ ते १० दिवसांत लागू शकतात. धावणं, वजनं, दमवणारा व्यायाम ३-४ आठवड्यांनी, तोही विचारून. चष्मा असेल तर ४ ते ६ आठवडे त्याचा भार नाकावर नको. तो कपाळाला पट्टीनं अडकवायची युक्ती डॉक्टर दाखवतात. ऊन थेट नाकावर नको, कारण नवी कातडी लवकर काळवंडते. बरगडीची कूर्चा घेतली असेल तर हसताना, खोकताना छाती काही आठवडे दुखेल आणि मूल उचलता येणार नाही. त्याची सोय आधीच लावून ठेवा. 'बघू तेव्हा' म्हणू नका.

आणि या सगळ्यात, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, एक रडू येईल. ते येतंच असं नाही, पण आलं तर दचकू नका. ज्या चेहऱ्यानं तुम्ही १० वर्षं जगात वावरलात, लग्न केलंत, आई झालात, तो चेहरा गेलेला असतो. तो तुम्हाला नको होता आणि तरीही त्याची आठवण येते, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. 'काढायला नको होतं की काय' हा विचार त्या रडण्याबरोबर येईल. त्या आठवड्यात कोणताही नवा निर्णय घेऊ नका, नवीन सर्जन शोधू नका. नवऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो 'मी म्हणत होतोच' असं म्हणणार नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. तुमचं पत्र वाचताना मी त्या एका ओळीपाशी थांबले होते. तो झेपावतो आणि तुमचा हात आधी नाकावर जातो. सर्जन काय म्हणतात, आई काय म्हणते, याच्याइतकंच वजन या ओळीला द्या. तपासणीच्या वेळी ती तशीच्या तशी सांगा. इम्प्लांट काढायला पू व्हावाच लागतो असं नाही. स्वतःच्या मुलाला बेधडक जवळ घेता यावं, एवढं कारणही पुरेसं आहे.

गंमत अशी की शस्त्रक्रियेनंतर पहिले ६ आठवडे तुम्हाला हेच आणखी काटेकोरपणे करावं लागेल. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं टणक असतं आणि दिलेली सूचना त्याच्या ऐनवेळी लक्षात राहत नाही. म्हणून त्याला समोरून उचलू नका. तुम्ही बसा आणि कुणाला तरी त्याला बाजूनं, तुमच्या कडेला टेकून बसवू द्या. झोपवताना त्याची पाठ तुमच्याकडे. पट्ट्या पाहून तो घाबरेल किंवा ओढायला जाईल, तेव्हा आदल्या दिवशीच त्याच्या बाहुलीच्या नाकाला एक पट्टी लावून ठेवा. ६ आठवड्यांनी डॉक्टर मोकळीक देतील, तरी हात सवयीनं वर जाईलच. जाऊ द्या. काही दिवसांनी तो मुलाकडे आधी गेला तर तेवढं मात्र मला कळवा.